फोटोच्या पाठीवर

‘कालिया मर्दन’ सुरू होतो तो एका मुलीच्या चेहऱ्याने. पडद्यावर सहा-सात वर्षांची पोर येते आणि तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. मग पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. ही मंदाकिनी फाळके. चित्रपट १९१९ सालचा, आणि तो करणारे तिचे वडील, धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके. त्यांचे बरेचसे मूकपट काळाच्या ओघात गेले. हा मात्र मोठ्या प्रमाणात उरला आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपला गेला. शंभर वर्षं उलटून गेली तरी पडद्यावरची ती पोर अजून तेवढीच आहे.

त्याआधी, १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये फाळक्यांनी रोहिदासाच्या भूमिकेत आपल्याच मुलाला, भालचंद्राला उभं केलं होतं. याची कारणं व्यवहाराची सांगितली जातात. पैसा तोकडा होता, नट मिळत नव्हते, आणि पडद्यावर का होईना पण आपलं मूल मेलेलं दाखवायला कुणी आईबाप तयार होईनात. फाळक्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र त्याहून जुनी आहे. सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय थाटला होता. प्लेगच्या साथीत तिथेच त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं.

पुढे १९१२ मध्ये त्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा जागचा हलवायचा नाही आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत राहायचं. कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात पडद्यावर उलगडली. आज महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत दर महिन्याच्या त्याच तारखेला बाळाला त्याच दुपट्यावर झोपवून फोटो काढतात. पहिल्या वाढदिवसाला ते बारा फोटो शेजारी शेजारी लावतात. त्या आईवडिलांना ‘अंकुराची वाढ’ ठाऊक नसेल, पण त्यांचं चाललेलं असतं तेच. डोळ्यांदेखत वाढणारं, आणि म्हणूनच वाढताना न दिसणारं काहीतरी धरून ठेवण्याची ही धडपड आहे.

बाराचा रोल, छत्तीसचा रोल

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर रुजली. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले फोटोग्राफर. पण त्या काळात लहान मुलाचा फोटो ही अवघड गोष्ट होती. काच रसायनात भिजवायची, ती ओली असेतो चित्र टिपायचं, आणि तेवढे काही सेकंद समोरच्याने हलायचं नाही. मोठी माणसं खांब होऊन बसत. वर्षाच्या मुलाला कोण बसवणार?

युरोपातल्या स्टुडिओंनी यावर एक तोड काढली. आईने खुर्चीवर बसायचं, अंगावरून चादर ओढून घ्यायची आणि मांडीवर मुलाला घट्ट धरायचं. फोटोत मूल स्पष्ट येई आणि मागे कापडाने झाकलेला एक आकार. एकोणिसाव्या शतकातले असे पुष्कळ फोटो आजही संग्रहांत आहेत. कधी चादरीच्या कडेतून आईचा हात दिसतो, इतकंच.

आपल्याकडच्या घरच्या अल्बममध्ये अशी चादर नाही, पण झाकलेलं माणूस आहे. कॅमेरा ज्याच्या हातात, तो फोटोत नसतो. बहुतेक घरांत ते बाबा असत. त्यामुळे सहलींचे अल्बम चाळताना वाटावं की आई आणि मुलंच गावोगाव फिरली. बाबा सापडतात ते एखाद्या फोटोत पायांशी पडलेल्या लांब सावलीत. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा, हा तेव्हाचा नियमच होता.

मध्यमवर्गीय घरात हा कॅमेरा आला तो बहुधा ‘आग्फा क्लिक थ्री’च्या रूपाने. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो भारतात बनवला. साधा, काळा, डबीसारखा कॅमेरा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. १९६० मध्ये सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली आणि तिची ‘इंदू’ फिल्म देशभर विकली जाऊ लागली. नंतर पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आले आणि छत्तीसचा रोल घरोघर झाला. रोल नीट भरला तर सदतिसावा फोटोही निघे, आणि तो निघाल्याचा आनंद वेगळाच.

बारा किंवा छत्तीस हा आकडा महत्त्वाचा आहे. रोल महाग, धुवायचा खर्च वेगळा, प्रिंटचा आणखी वेगळा. म्हणून एकेक फोटो राखून काढला जाई. बारशाला दोन. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणाचे दोन, काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने चढवून, बाळ मुकुट ओढून काढण्याच्या आत. जावळाच्या आधी एक आणि नंतर एक. उरलेले सुट्टीसाठी. रोल संपेपर्यंत धुवायला टाकता येत नसे, त्यामुळे मे महिन्यातला फोटो कधी कधी गणपतीत हातात पडे. तोवर मुलाचा दात पडलेला असायचा.

सुट्टीचे फोटो, सुट्टीतलं मूल

माथेरानला जाऊन आलेल्या घरात दोन फोटो हटकून असतात. एक घोड्यावरचा, दुसरा नेरळहून चढणाऱ्या छोट्या गाडीच्या खिडकीतला. ही गाडी १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांच्या मुलाच्या जिद्दीने. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, लांबी वीस किलोमीटरच्या आसपास. गाडी इतकी हळू चढते की खिडकीतल्या मुलाकडे पाहून फोटो काढायला भरपूर वेळ मिळतो. डोंगरावर मोटारींना बंदी, म्हणून घोडे. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा बंद पडला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळहून गाडी पुन्हा वर जाऊ लागली. एकाच घरातल्या तीन पिढ्यांचा त्याच खिडकीतला फोटो असू शकतो, तो या गाडीच्या चिकाटीमुळे.

पुण्याच्या मुलांना हेच सुख पेशवे पार्कात घरबसल्या मिळालं. १९५६ मध्ये तिथे ‘फुलराणी’ ही छोटी गाडी धावू लागली. मुंबईकरांना राणीचा बाग आणि गेटवे. गेटवेसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोग्राफर उभे असत. त्यांच्यातले काही आजही आहेत आणि कॅमेऱ्यासोबत छोटा प्रिंटर बाळगून हातोहात फोटो देतात.

या फोटोंमधलं एक गणित लक्षात घेण्याजोगं आहे. मराठी मुलाची सुट्टी खरी जाई ती आजोळी. लाल एसटीतून उतरायचं, मामाने पिशव्या घ्यायच्या, दुपारभर ओसरीवर पत्ते, संध्याकाळी विहिरीवर, रात्री अंगणात ओळीने गाद्या. महिना तिथे गेलेला असे, पण फोटो चार दिवसांच्या सहलीचे जास्त. कॅमेरा खास प्रसंगासाठी बाहेर निघे आणि आजोळ हा खास प्रसंग नव्हता. तो रोजचा होता. त्यामुळे ज्या घरात मुलाचं बालपण गेलं, ते घर अल्बममध्ये चुकून सापडतं. बहिणीला ओवाळताना मागे दिसणारी कोनाड्यातली चिमणी, वाढदिवसाच्या केकमागची फडताळाची जाळी, अंगणात उभी बजाज स्कूटर आणि तिच्या पुढच्या फळीवर हँडल धरून उभं पोरगं. तीस-चाळीस वर्षांनी फोटो हातात घेतलेलं माणूस स्वतःच्या चेहऱ्याआधी ही मागची बाजू पाहतं. “अगं, ही बघ आपली जुनी बादली,” असं म्हणताना आवाज बदलतो.

मूल विसरतं

हे सगळं जपायचं कुणासाठी? मुलासाठी, असं आईवडील म्हणतात. पण ज्याच्यासाठी जपायचं, त्याला यातलं फारसं काही आठवणार नसतं.

पहिल्या तीनेक वर्षांतल्या घटना मोठेपणी जवळजवळ कुणालाच आठवत नाहीत. फ्रॉइडने या शैशवातल्या विस्मरणावर लिहिलं, त्यालाही शतक उलटलं. गंमत अशी की लहान मुलांना स्मरणशक्ती नसते असं नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयांना गप्पा मारायला लावल्या. विषय साधे, प्राणिसंग्रहालयाची सहल किंवा वाढदिवस. पुढे वेगवेगळ्या वयात त्या मुलांना त्याच घटनांबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या ६३ ते ७२ टक्के घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे ३५ टक्केच. म्हणजे तिसऱ्या वर्षी पाहिलेला राणीच्या बागेतला हत्ती पहिलीतल्या मुलाला आठवतो, आणि चौथीत जाईपर्यंत बहुधा निघून गेलेला असतो.

असं का व्हावं, याचं एक उत्तर टोरांटोच्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसलिन यांच्या गटाने २०१४ मध्ये दिलं. मेंदूत आठवणी बांधणारा जो भाग आहे, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. लहान वयात तिथे नव्या पेशी झपाट्याने तयार होत असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की या नव्या पेशी जागा घेताना जुन्या जोडण्या विस्कटतात. मूल शिकत असतं, वाढत असतं, आणि त्या वाढीतच मागचं पुसत जातं.

तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला घेऊन केलेली अलिबागची सहल मुलापुरती संपणार हे ठरलेलं आहे. लाटेला घाबरून बाबांच्या गळ्याला मारलेली मिठी, वाळूत हरवलेली एक चप्पल, परतताना बोटीत लागलेली झोप. हे सगळं दोन माणसांकडेच राहतं. फोटो जपणाऱ्या आईवडिलांची खरी जागा इथे आहे. मुलाचं जे त्याला स्वतःला सांभाळता येणार नाही, ते त्याच्या वतीने सांभाळणारे हे विश्वस्त.

फोटोला तोंड नसतं

विश्वस्ताने ठेव नुसती कुलपात ठेवून भागत नाही. फोटो चेहरा दाखवतो, गोष्ट सांगत नाही.

न्यूझीलंडमध्ये २००० साली एक अभ्यास झाला. मोठ्या माणसांना त्यांची सगळ्यांत जुनी आठवण विचारली. युरोपीय वंशाच्या लोकांची सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास आली, माओरी लोकांची पावणेतीन वर्षांच्या आसपास. माओरी समाजात घराण्याच्या, जन्माच्या, माणसांच्या गोष्टी सतत सांगितल्या जातात, आणि संशोधकांनी या फरकाचा संबंध त्या सवयीशी जोडला. रॉबिन फिवुश आणि इलेन रीझ यांनी आईमुलांच्या गप्पांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्याचा रोखही इकडेच आहे. “समुद्रावर गेलो होतो ना?” असं विचारलं की मूल “हो” म्हणतं आणि विषय मिटतो. “समुद्रावर काय काय झालं? तुला कशाची भीती वाटली? मग आपण काय केलं?” असं विचारत, उत्तरात भर घालत बोलणाऱ्या आयांच्या मुलांना गोष्टी जास्त आठवतात आणि त्या नीट सांगताही येतात.

मराठी घराला हे नवं नाही. “तू ना, एवढा होतास तेव्हा...” या शब्दांनी सुरू होणाऱ्या गोष्टी प्रत्येक आजीकडे असतात आणि मुलं त्या शंभरदा ऐकतात. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मकथनाला ‘स्मृतिचित्रे’ हे नाव दिलं. मराठीत आठवण आणि चित्र हे दोन शब्द असे एकत्र नांदले, तेव्हा घरोघर कॅमेरा यायला अजून पुष्कळ वर्षं होती.

फोटोची ताकद मोठी आहे, इतकी की तो नसलेली आठवणही पेरू शकतो. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी वीस प्रौढांना त्यांच्या लहानपणचे फोटो दाखवले. त्यात एक बनावट होता, उष्ण हवेच्या फुग्यात बसल्याचा. तसं कधी घडलेलंच नव्हतं. आठवडा-दोन आठवड्यांत तीनदा बोलणं झाल्यावर निम्म्या लोकांना तो प्रवास कमीअधिक ‘आठवू’ लागला. फोटोसोबत खरी हकिकत ठेवणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळतं. नाहीतर घोड्यावर बसलेलं बाळ थोरलं की धाकटं, यावर भाऊबहीण पन्नाशीत वाद घालतात आणि दोघांनाही तो घोडा आठवत असतो.

फोटो काढणाऱ्यालाही एक किंमत मोजावी लागते. लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात विद्यार्थ्यांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेऱ्यावर सोपवलं की मन मोकळं होतं. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेला, त्यांची आठवण शाबूत राहिली, कारण त्यांनी नीट पाहिलं होतं. मुलाच्या शंभर फोटोंपेक्षा त्याच्या मुठीत धरलेल्या शिंपल्याचा एक फोटो काढणारी आई, तो क्षण स्वतःकडेही ठेवते.

पाठकोरे फोटो

जुन्या फोटोला पाठ होती. तिथे शाईने किंवा पेन्सिलीने गाव, महिना, साल लिहिलेलं असे. काही घरांत आणखी एखादी ओळ: “बसायला घाबरली, मग उतरायला तयार नव्हती.” एवढ्या सहा शब्दांवर ती मुलगी पुन्हा उभी राहते.

फोनमधल्या फोटोलाही पाठ आहे. तारीख, वेळ, कधी कधी ठिकाणसुद्धा त्याच फाइलमध्ये नोंदलेलं असतं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आकार दाबून लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. आजीच्या फोनवर नातवाचे हजारो फोटो असतात, सगळे पाठकोरे. मूळ फोटो हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो किंवा थेट उतरवून घ्यावा लागतो. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत जागा बंद केली. तेव्हापासून पंधरा जीबी भरली की पैसे भरायचे किंवा फोटो पुसायचे, हा प्रश्न घरोघर आला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला ३-२-१ चा नियम यासाठी सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बहिणीच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्कही ‘घराबाहेर’ ठरते.

कागदाच्या फोटोचे शत्रू वेगळे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट लालसर दिसतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडाला. काळे-पांढरे फोटो त्यापेक्षा टिकले. चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिक असलेले अल्बम हौसेने घेतले गेले, पण तो डिंक पिवळा पडतो आणि फोटो पानाला कायमचा धरून बसतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची ओल फोटोवरच्या जिलेटिनच्या थरात बुरशी वाढवते. काचेला चिकटलेला फोटो ओढला की चेहराच काचेवर राहतो. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी, आणि अल्बम बाहेरच्या ओलसर भिंतीला लागून नको. पाठीवर लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे न पुसणाऱ्या शाईचं पेन.

पाण्याची गोष्ट तर मराठी माणसाला सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. पूर ओसरल्यावर पंचनाम्यात फ्रिज आणि धान्य लिहिलं जातं. अल्बमसाठी त्यात रकाना नसतो.

जपानने २०११ च्या त्सुनामीनंतर यासाठी माणसं उभी केली. मियागी प्रांतातल्या यामामोतो या छोट्या गावात चिखलातून साडेसात लाखांच्या आसपास फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, वाळवले, त्यांचे डिजिटल फोटो काढले आणि लोकांनी येऊन आपली माणसं ओळखावीत म्हणून मांडून ठेवले. त्यातून साधी माहिती जगभर पोचली. भिजलेले फोटो गठ्ठ्याने वाळू द्यायचे नाहीत, ते एकमेकांना चिकटतात. स्वच्छ पाण्यात अलगद सुटे करायचे, चेहरा वर ठेवून सावलीत पसरायचे. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे. पूर येणाऱ्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

कुणाला दाखवायचे

ठेव सांभाळायची, तशी ती कुणापुढे उघडायची याचाही विचार विश्वस्ताला करावा लागतो. बाळाच्या कपाळावर, गालावर काजळाची तीट लावणाऱ्या आजीचा दृष्टीवरचा विश्वास आजच्या आईबापांना पटो न पटो, तिची काळजी खरी होती. मूल सगळ्यांच्या नजरेसमोर धरायचं नसतं. आता नजर गल्लीपुरती राहिलेली नाही. आंघोळीच्या बादलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा फोटो घरच्या अल्बममध्ये गोड असतो. सोशल मीडियावर तो कुणाकडे गेला आणि कशासाठी वापरला गेला, हे कळायला मार्ग नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या छबीच्या हक्काचा कायदा केला. त्यानुसार मुलाच्या छबीचं खासगीपण राखणं ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक आहे. हा कायदा कंपन्यांना बांधतो, घरगुती वापराला नाही. घरातला निर्णय घरानेच करायचा असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला “हा फोटो मावशीला पाठवू का?” असं विचारता येतं, आणि ते “नको” म्हणालं तर थांबताही येतं.

दिवाळीच्या आधी माळे रिकामे होतात. पितळी भांडी, जुन्या रजया, पणत्यांची पेटी, आणि त्यांच्या मागे अल्बमची पिशवी. साफसफाई करणारं माणूस फडकं बाजूला ठेवून जमिनीवरच बसतं. तासाभराने घरातलं दुसरं कुणीतरी ओरडायला येतं आणि शेजारी टेकतं. मूल मध्ये घुसतं. “हा कोण?” “हा तुझा बाबा.” “मग मी कुठाय?” पान उलटतं. एका फोटोची पाठ कोरी निघते, कुणीतरी आजीला फोन लावतं, आणि स्पीकरवरून आजी साल सांगायच्या आधी पावसाचं सांगायला लागते, की त्या दिवशी माथेरानला अवेळी सर आली होती आणि याला तिने पदराखाली घेतलं होतं. पेन्सिल शोधायला कुणी उठत नाही म्हणून मूलच उठतं आणि दप्तरातून आपली आणून देतं.